तळहातावरचं पान

आईचा फोन येतो. पाऊसपाणी होतं, गाईचं होतं, कोणाच्या घरी कोण आलं ते होतं आणि फोन ठेवता ठेवता ती सहज सांगते, "खालच्या बांधीतला धान गरभात आला वो." झालं! माझे तळहात ओले. इथं ऑफिसात एसी इतका गार की बाकीचे स्वेटर घालून बसतात आणि मी आपली ओढणीला हात पुसत असते. शेजारच्या खुर्चीवरचा विचारतो, काय झालं? काय सांगायचं त्याला? बांधी म्हणजे भाताचं खाचर आणि धान गरभात येणं म्हणजे लोंब अजून पानांच्या पोटात आहे, बाहेर यायची आहे. आमच्याकडे तेव्हा घरात कुणी गरोदर असल्यासारखं सगळे जपून वागतात. बातमी आनंदाचीच आहे. पण मला ती ऐकली की माझं कॉलेजचं पाचवं वर्ष आठवतं, ती दिवाळी आठवते आणि सगळं पार पडून गेलेलं असूनही जीव पुन्हा टांगणीला लागतो.

मी संगणकशास्त्रात इंटिग्रेटेड एम.एस्सी. केलं. बारावीनंतर सलग पाच वर्षं, मधे थांबा नाही. हे गावात समजावून सांगताना नाकीनऊ यायचे. कामठ्याच्या जरा पुढे आमचं गाव. तिथं शिक्षण दोनच प्रकारचं, संपलेलं आणि न संपलेलं. शेजारच्या देवकामावशी दर दिवाळीला अंगणात उभ्या राहून सगळ्यांच्या देखत विचारायच्या, "अजून शिकूनच राहिली का वो तू? माया भाचा तं गोंदियाले तीन महिन्यात कॉम्प्युटर शिकला!" त्यांचं तोंड फटकळ, मनात काही नसायचं. पण मला राग यायचाच. पहिल्या वर्षी मी सी भाषेतला एक साधा प्रोग्रॅम चालत नाही म्हणून वसतिगृहाच्या गच्चीवर बसून रडले होते, ते मावशींना कोण सांगणार!

त्या अभ्यासक्रमात तीन वर्षांनी बी.एस्सी. घेऊन सुटता येतं. तेव्हा मी खरंच डगमगले होते. बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पाच म्हणलं होतं ना तू? मंग पाच." मागून आईचा आवाज आला, "पाचाचे सहा नोको करू म्हणा. लोकायले मी पाच सांगून ठेवले हायत." लोक म्हणजे माझ्यासाठी स्थळं घेऊन येणारे. एक-एकाला ती पाच वर्षांचा वायदा करून परत पाठवत होती. मी "हो" म्हणून गेले.

नवव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. तो अडला तर दहावं सेमिस्टर नाही, म्हणजे वर्ष गेलं. मी विषय घेतला घरचाच: धानाच्या पानाचा फोटो दिला की मोबाईलनं सांगायचं, पान निरोगी आहे की त्यावर करपा पडला आहे. करपा म्हणजे पानावर तपकिरी डाग पडून पान जळत जातं तो रोग. मशीनला हे शिकवायचं तर त्याला फोटो दाखवायचे, खूप दाखवायचे. हे आजारी, हे निरोगी, हे आजारी, हे निरोगी. फोटोत नेमकं काय बघायचं हे आपण सांगत नाही. ते मशीन आपलं आपण ठरवतं. आम्हाला वर्गात याचं फार कौतुक वाटायचं.

फोटो काढायचे कोणी? मी वसतिगृहात, बांधी गावाला. मग बाबा कामाला लागले. सकाळी पाणी बघायला जायचे ते मोबाईल खिशात घालून. रोगट पान दिसलं की खुडायचं, डाव्या तळहातावर पसरायचं, उजव्या हातानं फोटो. चांगलं पान दिसलं की उभ्या रोपावरच फोटो. दिवस उजाडला की माझ्या मोबाईलवर टुंग टुंग सुरू. आंघोळीच्या रांगेत उभी राहून मी ते बघायची. खाली बाबा लिहायचे, "हे बिमार." "हे चांगलं." एकदा चुकून बैलाच्या कानाचा फोटो आला, त्याच्या खालीही "हे चांगलं."

ते दिवस आठवले की अजून छान वाटतं. आमचं कधी इतकं बोलणंच झालं नव्हतं.

आणि मॉडेल काय चालायचं! शिकवताना काही फोटो वेगळे काढून ठेवतात, परीक्षेसाठी. त्या फोटोंवरही बरोबर उत्तरांचा आकडा शंभराला टेकायला आलेला. आमच्या गाइड मॅडम कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी चष्मा वर करून दोनदा आकडा बघितला आणि "बरं आहे" म्हणाल्या. मी ते बाबांच्या मोबाईलवर टाकून दिलं आणि दिवाळीला घरी आले, अगदी मिरवत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला मंडई होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. मंडईला निघालेली माणसं आमच्या अंगणात चहाला थांबली होती. बाबांना तेवढंच पाहिजे होतं. एका रोगट पानाला मोबाईल दाखवला, पडद्यावर आलं: करपा. परसातल्या कुंडीत मी हौसेनं लावलेलं धानाचं रोप होतं, त्याला दाखवला: निरोगी. "अरे वा!" झालं. बाबांनी पुन्हा ते रोगट पान तळहातावर घेतलं, मोबाईल धरला आणि वाऱ्यानं पान उडून गेलं. हात रिकामा राहिला. पडद्यावर आलं: करपा.

सगळे खो खो हसले. बाबा सगळ्यांत जास्त. "म्हणजे आता मलेच करपा झाला का?"

देवकामावशींनी हात पुढं केला, "माया पाह्य." करपा. त्यांच्या नातवाचा हात धरला. करपा. हसणं वाढतच चाललं होतं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण एका क्षणात मला सगळं कळलं. आजारी पानाचा प्रत्येक फोटो बाबांच्या तळहातावर होता. निरोगी पानाच्या एकाही फोटोत हात नव्हता. मशीननं डाग बघितलेच नाहीत, त्याला गरजच पडली नाही. हात दिसला की करपा, हात नाही की निरोगी. परीक्षेचे फोटोही तसेच, म्हणून आकडा तसा. माझं अख्खं सेमिस्टर माझ्या बापाचा हात ओळखायला शिकलं होतं.

आज मी नवीन आलेल्या पोरांना ही गोष्ट सांगते तेव्हा तीही हसतात. मीही हसते. पण त्या दिवशी मी घरात जाऊन भिंतीला टेकून बसले. अहवालाची अंतिम प्रत सोमवारी जायची होती. मी काही बोलले नसते तर कुणाला कळलं असतं? तोंडी परीक्षेच्या खोलीत धानाचं पान कोण आणणार, आणि कोण हात दाखवणार? मी हा विचार केला. चांगला चहा गार होईपर्यंत केला. पण बाहेर बाबा मोबाईलची काच सदऱ्याला पुसत होते, हात दाखवत होते, पुन्हा पुसत होते, पुन्हा दाखवत होते. माणसं निघून गेली होती आणि बाबांचं हसणंही थांबलं होतं. ते मला बघवेना. मी मॅडमना फोन लावला.

मॅडमनी ऐकून घेतलं. "टेस्टचे फोटोही बाबांचेच ना?"

"हो."

"मग तो आकडा खोटा आहे. सोमवारच्या आत नवे फोटो, नवं ट्रेनिंग, नवा आकडा. हातावरची निरोगी पानं पाहिजेत आणि हाताशिवायची आजारी. जमत नसेल तर पुढच्या खरिपात कर."

पुढचा खरीप! किती सहज म्हणाल्या. कालव्याचं पाणी उन्हाळ्यात आमच्यापर्यंत येत नाही, उन्हाळी धान आमच्याकडे होतच नाही. आणि हा धान तर संपत आला होता. हलका, लवकर येणारा धान कापून वरच्या बांधीत पसरला होता, बाकी शिवार पिवळं. फक्त आमच्या खालच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, मागास झालेला, तिथलं पान तेवढं हिरवं होतं. तेही शेंड्याकडून पिवळं पडायला लागलेलं. दोन-चार दिवस, फार तर.

दुसऱ्या दिवशी दव असतानाच आम्ही बांधीवर गेलो. आई आधीच येऊन पाण्याचं तोंड बांधत होती. मी तिला म्हटलं, "आई, मला इथली चांगली पानं खुडायची आहेत. भरपूर."

तिनं मान वर केली. "या बांधीले विळा लागला नाई अजून."

हे मी विसरलेच होते. म्हणजे विसरले नव्हते, पण शहरात राहून ते मागं पडलं होतं. आमच्या घरी धान गरभात आला की त्या बांधीतलं जितं पान कुणी खुडत नाही. विळ्याची पूजा होऊन पहिला कापा पडेपर्यंत नाही. बाबांनी निरोगी पानाचा एकही फोटो हातावर का काढला नव्हता, ते मला तेव्हा धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभ्या उभ्या समजलं. त्यांना तसं करायचं सुचणंच शक्य नव्हतं.

"अगं, लोंब नाही तोडत, नुसती पानं!"

"पानात जीव नाई का?"

"बाबांनी इतकी पानं खुडली तेव्हा?"

"ते मरतच होते. बाकीचे नासू नाई म्हणून काढले."

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला!"

बाबा धुऱ्यावर उभे होते, नजर दुसरीकडे. "मी का सांगू बेटा? मलेही बरं नाई वाटून राहिलं."

माझं डोकंच फिरलं. "जाऊ द्या मग वर्ष! पाचाचे सहा होतात, होऊ द्या. सांगा त्या लोकांना, पोरगी नापास झाली, तिच्यापेक्षा पान मोठं होतं!" माझा आवाज शिवारभर गेला असणार, कारण वरच्या बांधीत पेंढ्या बांधणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. मी खाली वाकले. एका हातात मोबाईल, कॅमेरा सुरूच होता. दुसरा हात मी सरळ पानाला घातला.

आईनं तिचा हात मधे घातला. मला ढकलायला नाही. तिनं तळहात पानाच्या खाली धरला, पान वरच्या वर झेलल्यासारखं, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, मला माहीत नाही. मी नजर खाली घेतली ती मोबाईलवर पडली. पडद्यावर आईचा तळहात होता, चिखलाचा, आणि त्यावर रोपाला धरून असलेलं, दवानं ओलं, हिरवंगार निरोगी पान.

"आई, हलू नको."

"काऊन?"

"हलू नको म्हणते ना!"

फोटो काढला. तिला दाखवला. तिला काही कळलं नाही. मी तिथंच चिखलात बसले आणि हसू की रडू ते मलाही कळेना. बाबा धुऱ्यावरून खाली उतरले, पडद्याकडे पाहिलं आणि शेजारच्या पानाखाली आपला तळहात धरला. "काढ," म्हणाले.

पण नुसता आई-बाबांचा हात पुरला नसता. मशीन आता त्या दोघांचे हात पाठ करून बसलं असतं. मी वर जाऊन बायांना विचारलं. अशी विनवणी मी जन्मात कुणाची केली नव्हती. देवकामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "फोटो काढाचा तं तोंडाचा काढ. हाताचा का काढतेस वो?" पण पहिल्या त्याच खाली आल्या. मग एकामागून एक सगळ्या. दिवाळीची मेंदी अजून न गेलेला हात, विळा लागून चिंधी बांधलेला हात, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा हात. गोंदियाकडची एक नवी सून होती, ती लाजत विचारत होती, "दीदी, मेरा हाथ बहुत खराब हो गया है, चलेगा?" मी म्हटलं, "वही चाहिए." एकही पान तुटलं नाही. आई बांधीत उभी राहून लक्षच ठेवून होती, कुणाचा पाय रोपावर पडतो का ते. रोगट पानांचे फोटो बाबांनी एक हात बांधून काढले. शब्दशः. चुकून हात मधे जाईल म्हणून डावा हात त्यांनी कमरेच्या दुपट्ट्यात खुपसून ठेवला होता.

ऊन कलायला लागलं तसं आम्ही कामठ्याला गेलो, नेटवर्कसाठी. बाबा गाडीवर बसून राहिले, मी एका दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन. फोटो चढवायची ती निळी पट्टी इतकी हळू सरकत होती की मी तिच्याकडे बघायचंच सोडलं. बाबा दर थोड्या वेळानं विचारायचे, "गेले का?" आणि मी म्हणायची, "जाऊन राहिले." सगळे गेल्यावर त्यांनी मला समोसा घेऊन दिला.

रविवारी जुने-नवे सगळे फोटो एकत्र करून ट्रेनिंग लावलं. आकडा चढत जातो, तो बघत बसावं लागतं. या वेळी चढला, अडकला, थोडा खाली आला, पुन्हा चढला आणि ऐंशीच्या आसपास थांबला. आधी शंभराला टेकलेला! मी पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. मी मॅडमना कळवलं. त्यांचा उलट निरोप आला: "हा आकडा खरा वाटतो. पाठव." बाबा म्हणाले, "आता पाह्यू का माया हात?" मी म्हटलं, "नको." माझी हिंमतच नव्हती. पुन्हा करपा आला असता तर माझ्याकडे ना पान होतं, ना दिवस.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, पिकल्या केसांचे, बारीक आवाजाचे. त्यांनी जुना कच्चा अहवाल एका हातात धरला, नवा दुसऱ्या, आणि दोन्हींतले आकडे ताडून पाहिले. "लोक पुढे जातात. तुम्ही मागे आलात?"

माझे तळहात असे ओले झाले की माउस घसरायला लागला. मी म्हटलं, "सर, आधी ते हात बघत होतं. आता पान बघतं."

"कशावरून?"

मी सगळं सांगितलं. पान उडालं ते, अंगणात सगळे हसले ते, खालची बांधी, आईनं मधे घातलेला हात. सांगताना माझी भाषा कधी गावाकडची झाली मला कळलं नाही. त्यांनी अहवाल खाली ठेवला, कोटाची बाही मागे सारली आणि आपला गोरा, मऊ तळहात माझ्या मोबाईलसमोर धरला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू?

निरोगी.

ते हसले नाहीत. लिहायला लागले. दुपारी मॅडमनी दारातूनच सांगितलं, "झालं. दहाव्याची तयारी कर."

मी जिन्यावर बसून घरी फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. परीक्षकांनी हात दाखवला हे सांगितल्यावर त्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"मंग? सायबाच्या हाताले का म्हणे?"

"निरोगी म्हणे."

लगेच त्यांनी विचारलं, "अन् माया?"

"थांबा, बघते." त्यांच्या रिकाम्या तळहाताचा एक फोटो माझ्याकडे होता, अंगणातला, त्या दिवशीचा. मी तो पुढं केला. चक्र फिरलं.

"निरोगी, बाबा. तुमचाही."

त्यांनी मोबाईल न झाकताच आईला हाक मारली, "अवो, आयकलं का? आपलं साल वाचलं!" माझ्या वर्षाला ते आपलं साल म्हणाले. आईनं फोन घेतला. मला वाटलं, बांधीवर मी जे बोलले त्याचं काही काढेल. ती म्हणाली, "मंग ये आता. नवा थांबवून ठेवला हाय."

नवा म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात. देवाला दाखवून घरच्या सगळ्यांनी मिळून खायचा. आख्ख्या गावाचा नवा केव्हाच झाला होता. आमच्या घरी हलक्या धानाचा तांदूळ कांडून आला होता, कोपऱ्यात पोतं उभं होतं, आणि हे दोघं अजून मागच्या सालचा जुना तांदूळ शिजवून खात होते.

मी आले त्या दिवशी खालच्या बांधीला विळा लागून गेला होता. आईनं भात केला, गूळ घातला, देवाला दाखवला. मग पळसाच्या पानावरून पहिला घास उचलून माझ्याकडे वळली. "हात कर," म्हणाली. मी तळहात पुढं केला. भात चुलीवरून नुकताच उतरवलेला, चांगलाच पोळत होता. मी हात मागं घेतला नाही.